दोनशे मणांची तिजोरी

ज्या काळी राजे स्वतःचे जिने स्वतः चढत आणि माणसे न विचारता खरे बोलत नसत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. लहानांनी ती गंमत म्हणून ऐकावी. मोठ्यांनी ऐकताना इकडेतिकडे पाहू नये.

एका राज्यात एक राजा होता. त्याचा जुना राजवाडा नदीकाठी होता आणि छपरातून नदीसारखाच वाहत होता. म्हणून राजाने टेकडीवर नवा राजवाडा बांधला. तो बांधून झाला, रंगवून झाला, वास्तुशांतीची जेवणे झाली. तरी राजा जुन्याच वाड्यात, पलंगाच्या चारी बाजूंना घंगाळी मांडून झोपत होता.

याचे कारण होते एक तिजोरी.

राजघराण्याच्या मूळपुरुषाची पगडी त्या तिजोरीत होती, आणि घराण्याचा कुळाचार असा होता की जिथे तिजोरी तिथे राजाचे अंथरूण. तिजोरी टेकडीवर गेल्याशिवाय राजाला टेकडीवर जाता येत नव्हते.

तिजोरीचा आणखीही एक नियम होता. कोणे एके काळी एका अंमलदारावर तिजोरी फोडल्याचा आळ आला होता. तेव्हापासून ठरले, की दरबारातल्या कोणीही तिजोरीला हात लावायचा नाही. पाहायची असेल तर उंबऱ्यावर उभे राहून, हात पाठीमागे बांधून पाहायची. हा नियम चार पिढ्या पाळला गेला. त्या राज्यातले अंमलदार पुढे इतर सर्व कामेही हात पाठीमागे बांधूनच करू लागले, पण तो गोष्टीचा वेगळा भाग आहे.

एके दिवशी राजाच्या नाकावर छपरातला थेंब पडला. राजा उठून बसला आणि म्हणाला, "तिजोरी हलवा."

हुकूम कारभाऱ्यांकडे गेला. कारभारी म्हणजे दरबारातला सर्वांत मोठा अंमलदार. त्यांनी तो शिरस्तेदाराकडे धाडला. शिरस्तेदाराने कारकुनाला बोलावून विचारले, "तिजोरीचं वजन किती?"

"पाहून सांगतो," कारकून म्हणाला.

तो तिजोरीच्या खोलीपाशी गेला. उंबऱ्यावर उभा राहिला, हात मागे बांधले आणि पाहिले. नजरेने त्याला ती आठ मण वाटली. पण मग त्याने विचार केला, की वजन जास्त निघाले तर विचारतील, 'कमी कुणी लिहिलं?' कमी निघाले तर कोणी काही विचारत नाही. म्हणून त्याने लिहिले, 'अंदाजे दहा मण.'

शिरस्तेदाराने कागद वाचला. खालच्या माणसाने लिहिलेले तसेच्या तसे वर पाठवले तर आपण मध्ये कशाला बसलो आहोत, असा प्रश्न त्याला पडला. त्याने सावधगिरी म्हणून वीस केले. कारभाऱ्यांची सावधगिरी शिरस्तेदाराहून मोठी होती. त्यांनी चाळीस केले आणि कागद फेरतपासणीसाठी पुन्हा खाली धाडला.

कारकुनाने चाळीसचा आकडा पाहिला. एवढ्या मोठ्या लोकांनी तपासलेल्या वजनात आपण काहीच घातले नाही, तर आपण तपासलेच नाही असे होईल. त्याने दहा घालून पन्नास केले. शिरस्तेदाराने शंभर केले. कारभाऱ्यांनी दोनशे केले. मग राजाची सही झाली.

तिजोरी जागची हलली नव्हती, पण कागदावर ती दर आठवड्याला वाढत होती.

आता दोनशे मणांची तिजोरी न्यायची म्हणजे तयारी हवी. सोळा चाकांचा गाडा घडवायला टाकला. त्याला ओढायला चाळीस बैलजोड्या सांगितल्या. ओढ्यावरच्या पुलाला खालून सागाचे टेकू दिले. त्या टेकूंना आणखी टेकू दिले. गावाची वेस अरुंद पडेल म्हणून ती पाडली. राजाच्या पणज्याने बांधलेली ती वेस होती, तिच्यावर दोन दगडी हत्ती सोंड वर करून उभे होते. हत्ती उतरवले आणि दगडांच्या ढिगावर आडवे ठेवले.

मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की चाळीस जोड्यांची रांग कुंभारवाड्याच्या वळणावर वळणार नाही. त्या वळणाच्या कोपऱ्यावर गिरजाक्काचे घर होते आणि घरामागे तिची भट्टी होती. कागदावर त्या जागी एक रेघ ओढली गेली. रेघ ओढायला वेळ लागत नाही.

शिपाई हुकूम घेऊन आला तेव्हा गिरजाक्का चाकावर माठ काढत होती. तिचा नवरा गेला त्याला बारा वर्षे झाली होती. मूल नव्हते. होते ते हे चाक, ही भट्टी आणि हे कोपऱ्यावरचे घर.

"अक्का, आठ दिवसांत घर रिकामं करायचं," शिपाई म्हणाला. "तिजोरी जाणार आहे."

"माझ्या घरातून?"

"घरावरून."

"मग तिला म्हणावं, जरा वळसा घेऊन जा. मी पण बाजारात जाताना घेते."

"चेष्टा नको, अक्का. दोनशे मण आहे."

गिरजाक्काने चाक थांबवले. "दोनशे मण? एवढं काय आहे त्यात?"

"पगडी."

"कुणाच्या डोक्याची रे ती?" गिरजाक्का म्हणाली. शिपायाला हसू आले, पण हुकूम हातात असताना हसता येत नाही, म्हणून तो तसाच निघून गेला.

तो गेल्यावर गिरजाक्का बराच वेळ भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मग उठली, हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि तडक कचेरीत गेली.

"माझं घर पाडणार आहात," ती कारकुनाला म्हणाली. "कशासाठी पाडणार, ती वस्तू मला एकदा बघू दे."

कारकून मनाने वाईट नव्हता. फक्त भित्रा होता. तो तिला खोलीपाशी घेऊन गेला. "उंबऱ्यावरच थांबायचं. हात मागे."

गिरजाक्काने हात मागे बांधले आणि पाहिले. लाकडाची पेटी, वर लोखंडी पत्रे ठोकलेले, पितळी कुलूप. पण कुंभाराची नजर आधी मातीकडे जाते. तिने जमीन पाहिली. ती छान सारवलेली होती. शेणाचे हात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग गेले होते. तिजोरीच्या अलीकडे सुरू झालेला हात तिजोरीखालून जाऊन पलीकडे निघाला होता.

"इथं सारवतं कोण?" तिने विचारले.

"हौसाबाई. का?"

"तिला बोलाव."

हौसाबाई आली. ती म्हातारी त्या वाड्यात तीस वर्षे झाडलोट करत होती. कचेरीतले सगळे तिला 'ए' म्हणत, त्यामुळे आपल्याला तिचे नाव आठवले याचे कारकुनालाच जरा नवल वाटले असावे.

"हौसाबाई, तिजोरीच्या खाली कसं गं सारवतेस?" गिरजाक्काने विचारले.

"कसं म्हणजे? तिजोरी बाजूला करून."

कारकुनाने दाराची चौकट धरली.

"दर अमावस्येला आणि पौर्णिमेला," हौसाबाई सांगू लागली. "पहार घालून एक कड उचलायची, खाली मुसळ सारायचं. मग दुसरं मुसळ. ढकललं की जाते गुमान. सारवायचं, वाळलं की परत ढकलायचं. सहा मणांवर नसंल. माझ्या थोरल्या जावेपेक्षा हलकी आहे."

"अगं, तिजोरीला हात लावायचा नाही असा नियम आहे!" कारकून ओरडला.

"तो तुम्हा लोकांना. मला सांगितलंय, खोली स्वच्छ पाहिजे."

"आणि दोनशे मण, दोनशे मण म्हणून गाव गाजतंय, वेस पाडली, तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं का?" हौसाबाई म्हणाली. "मला वाटलं, सरकारची दुसरी एखादी थोरली तिजोरी असंल. ही आपली धाकटी."

कारकून धावत शिरस्तेदाराकडे गेला. दोघे धावत कारभाऱ्यांकडे गेले. त्या कचेरीत लोक धावताना प्रथमच दिसत होते.

कारभाऱ्यांनी सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटले. "तिजोरी सहा मण निघाली, तर महाराज काय विचारतील?"

"वेस कशाला पाडली, असं विचारतील," शिरस्तेदार म्हणाला.

"आणि मग?"

"मग आपल्याला पाडतील."

"साहेब," कारकून चाचरत म्हणाला, "कागदात दुरुस्ती केली तर? दोनशेच्या जागी सहा..."

कारभाऱ्यांनी डोळे उघडले. "महाराजांची सही झालेला कागद हलका करता येत नाही," ते म्हणाले. "तिजोरी जड करता येते."

दुसऱ्याच दिवशी पाडलेल्या वेशीचे दगड गाड्या भरून वाड्यात आले. तिजोरीची किल्ली कारभाऱ्यांच्या कमरेला असे. ते उंबऱ्यावर उभे राहिले, पण हात पाठीमागे असल्यामुळे किल्ली काढता येईना. शेवटी गवंड्यानेच ती त्यांच्या कमरेची सोडून घेतली आणि तिजोरी उघडली.

"आत पगडी आहे, साहेब. काढून ठेवू?"

"खबरदार! मूळपुरुषाच्या पगडीला हात लावायचा नाही. नियम आहे."

"मग दगड?"

"पगडीवर ठेव."

गवंड्याने ठेवले. मोठे दगड खाली, लहान वर, फटींतून खडी. उरल्या जागेत वेशीवरचा एक हत्ती मावत होता, तोही घातला. पेटीचे पत्रे फुगले. दोनशे मण काही झाले नाहीत, पण कागदाची अब्रू राहील इतके झाले. दार गवंड्याने गुडघा लावून बंद केले. कारभारी मागे वळताना म्हणाले, "त्या सारवणाऱ्या बाईला सांगा, आता सारवायचं नाही."

पण तो निरोप तीन माणसांच्या तोंडून जायचा होता, म्हणून पोहोचला नाही. अमावस्येला हौसाबाईने पहार घातली, ती वाकली. मुसळ घातले, ते मोडले. मोडक्या मुसळाचे दोन तुकडे घेऊन ती गिरजाक्काकडे आली.

"अक्का, तिजोरी पोटुशी राहिली," ती म्हणाली. फुगलेल्या पत्र्याच्या फटीतून वेशीचे दगड दिसले, तेही तिने सांगितले.

"चल, महाराजांना सांगू."

"महाराजांपर्यंत तीन दारं आहेत. पहिल्या दारात कारकून, दुसऱ्यात शिरस्तेदार, तिसऱ्यात कारभारी. सांग, कुठल्या दारातून जायचं?"

हुकमाचा आठवा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. तिजोरी हलवायचा मुहूर्त त्यानंतर पाच दिवसांनी होता. त्या दिवशी महाराज स्वतः खोलीपाशी येणार होते. तिथे दार एकच होते.

"पाच दिवस घर वाचवलं पाहिजे," गिरजाक्का म्हणाली आणि भट्टी रचायला बसली.

त्या गावात अशी समजूत होती, की पेटलेली भट्टी मोडली तर गावाला वर्षभर माठातले पाणी गार लागत नाही. आठव्या दिवशी कुदळी घेऊन माणसे आली, तेव्हा कोपऱ्यावर धूर निघत होता. माणसांनी कुदळी खाली ठेवल्या. उन्हाळा तोंडावर होता.

"कधी विझेल, अक्का?"

"भाजून झाली की."

भट्टी एका दिवसात भाजून होते. हिची पाच दिवस भाजत राहिली. गोवऱ्या संपल्या, तशी तिने परसातली बाभळ तोडून घातली. मग पडवीचे वासे घातले. शेजारणी पदराआडून चार-चार गोवऱ्या आणून टाकत होत्या. आतले माठ जळून काळे पडले असतील हे गिरजाक्काला माहीत होते. सबंध उन्हाळ्याची कमाई त्या धुरात जात होती. कुदळीवाली माणसे समोरच्या ओट्यावर बसून तिच्याच रांजणातले पाणी पीत होती आणि विझण्याची वाट पाहत होती.

मुहूर्ताच्या सकाळी तिने शेवटची वस्तू भट्टीत घातली. ती तिच्या घराच्या दाराची एक फळी होती. "आता जे व्हायचं ते दुपारपर्यंत होऊ दे," असे म्हणून ती वाड्याकडे गेली.

वाड्यात सारे गाव जमले होते. सोळा चाकांचा गाडा उभा होता. वाजंत्री होती. राजा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पाठीमागे बांधले. त्याच्या मागे कारभाऱ्यांनी बांधले, शिरस्तेदाराने बांधले, कारकुनाने बांधले.

साठ हमालांनी तिजोरीला दोर लावले. "हय्या!" झाले. तिजोरी हलली नाही.

कारभारी समाधानाने म्हणाले, "दोनशे मण आहे, महाराज. दरबारचा अंदाज कधी चुकत नाही."

"अजून जोर!" राजा म्हणाला.

हमालांनी जोर केला. तिजोरी हलली, पण खाली. त्या जमिनीच्या पोटात धान्य साठवायचे एक जुने पेव होते. सहा मण त्याने चार पिढ्या सोसले होते. आता ते एकदा कण्हले आणि खचले. तिजोरी धाडकन आत गेली. धुरळा उडाला. हमाल एकमेकांवर पडले. वाजंत्रीवाल्यांना तीच खूण वाटली आणि ते वाजवू लागले.

धुरळा खाली बसला. राजाने खड्ड्यात डोकावून पाहिले. तिजोरी उताणी पडली होती, दार उघडले होते, आणि दारातून एका हत्तीची सोंड वर आली होती.

"कारभारी," राजा म्हणाला, "आमच्या वेशीवरचा हत्ती आमच्या तिजोरीत काय करतो आहे?"

कारभाऱ्यांनी शिरस्तेदाराकडे पाहिले. शिरस्तेदाराने कारकुनाकडे पाहिले. कारकुनाच्या मागे कोणीच नव्हते. फक्त हौसाबाई होती, हातात मोडके मुसळ घेऊन.

"मी सांगते, महाराज," ती म्हणाली. "पण आधी मला माझं मुसळ भरून पाहिजे."

तिने सारे सांगितले. जे तिला माहीत नव्हते ते गिरजाक्काने सांगितले. जे दोघींना माहीत नव्हते ते कारकुनाने रडत रडत सांगितले. मग दगड बाजूला काढून मूळपुरुषाची पगडी वर आणली. ती भाजायला तयार असलेल्या पापडासारखी झाली होती.

राजाने पगडी पाहिली. मग त्याने वजनाचा कागद मागवला, शिपायाला समोर धरायला लावला आणि ओळीने वाचला.

"तिजोरी सहा मण," तो म्हणाला. "कारकुनानं आधी चार वाढवले, मग दहा. चौदा मण. शिरस्तेदारानं आधी दहा, मग पन्नास. साठ मण. कारभाऱ्यांनी आधी वीस, मग शंभर. एकशेवीस. ज्यानं कागदावर जितकं वाढवलं, तितके दगड त्यानं डोक्यावरून वेशीपर्यंत वाहायचे. तिजोरीतले संपले तर ढिगातले रचायचे. वेस उभी राहीपर्यंत."

"महाराज," कारभारी क्षीण आवाजात म्हणाले, "हात मागे बांधून दगड कसा उचलणार?"

"म्हणूनच सांगितलं," राजा म्हणाला.

लोक हसले. राजाही हसला. तेवढ्यात गिरजाक्का पुढे झाली. "महाराज, त्या कागदावर सगळ्यांत खाली एक सही आहे. तिचं वजन किती धरायचं?"

हसणे थांबले. राजाने कागद पुन्हा पाहिला, जणू ती सही त्याला नव्यानेच दिसत होती. मग त्याने पाठीमागचे हात सोडले, खड्ड्यात उतरला आणि हत्ती उचलायला वाकला. एकट्याने उचलला नाही. सोंडेकडून राजा आणि शेपटाकडून हौसाबाई, असा तो हत्ती वेशीपर्यंत गेला. वाटेत राजा चार वेळा थांबला. हौसाबाई एकदाही थांबली नाही.

हमालांनी रिकामी तिजोरी खड्ड्यातून वर काढली आणि मग ती दोन मुसळांवरून वाड्याबाहेर आली. हौसाबाई ढकलत होती आणि गिरजाक्का मागे सुटलेले मुसळ उचलून पुढे घालत होती. गिरजाक्काच्या माठ वाहायच्या गाडीवर ती चढवली. एका बैलजोडीने ती ओढली. कुंभारवाड्याच्या वळणावर गाडी वळली, तेव्हा घराच्या भिंतीला तिचा धक्काही लागला नाही. भट्टी नुकतीच विझली होती. कुदळीवाल्या माणसांनी उठून गाडीला वाट दिली आणि ती पुन्हा बसली, कारण परत जाण्याचा हुकूम अजून त्यांच्यापर्यंत आला नव्हता.

राजा त्या दिवसापासून टेकडीवर कोरड्या अंथरुणात झोपू लागला. गिरजाक्काला दार, पडवी आणि त्या उन्हाळ्याच्या माठांची भरपाई मिळाली. जळालेले काळे माठ तिने वेशीबाहेर ओळीने मांडले आणि त्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणी भरले. दगड वाहणारे कारभारी प्रत्येक फेरीला तिथे थांबून पाणी पीत. ते गार लागते का, असे गिरजाक्का त्यांना दर वेळी विचारी.

आणि दरबारात एक नवा नियम झाला. कोणत्याही वस्तूचे वजन लिहिण्याआधी, तिच्याखाली कोण सारवते ते विचारून यायचे.

तात्पर्य: ओझ्याला हात न लावता जो त्याचे वजन सांगतो, त्याला एक दिवस ते डोक्यावर घ्यावे लागते.